लियाँ, एक्स्टीरियर, सकाळ

लिओं म्हणायचं की लियाँ,
यावर व्हॅनमध्ये दोन दिवस वाद.
शेवटी स्पॉटदादांनी मिटवला: लिओ.
मी वहीत लिहिलं, बॅलार्ड इस्टेट,
पोर्ट ट्रस्टची परवानगी, शनिवार-रविवार,
पहाटे चार ते दिवे लागेपर्यंत.

माझं काम मुंबई लपवायचं.
एकशे सात एसी, त्यांच्यावर लाकडी झडपा.
पानाच्या पिंका, गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत करडा रंग.
झेरॉक्सच्या दुकानावर मोघे पेंटरने
पाववाल्याची पाटी लिहिली, एकेक अक्षर चित्र समजून,
आणि एका अक्षराच्या डोक्यावरची तिरकी रेघ
नेमकी उलटीकडे कलली.
दिग्दर्शक बाई बराच वेळ पाटीकडे बघत राहिल्या,
मग म्हणाल्या, राहू दे, युद्धात कोण वाचतं.

कावळ्यांचं मात्र काही करता आलं नाही.
साउंडवाला हेडफोन उतरवून म्हणाला, यांना सुट्टी नसते?
तुमच्याकडेही असतीलच की त्रेचाळीस साली, मी म्हटलं.
होते, पण घाबरून गप्प असतील.

जर्मन शिपाई कुलाब्याच्या लॉजमधून उचललेले.
दोन रशियन, एक अर्जेंटिनाचा, योगा शिकायला आलेला,
बुटांचे नंबर चुकल्यामुळे सगळे जरा लंगडत.

नऊ वाजता राख.
राख म्हणजे कागदाचा भुगा, गोरेगावहून बारा गोणी,
तिसऱ्या मजल्यावरून पंख्यांनी सोडायचा.
भोंगा वाजला, बायका-मुलं पळाली,
आणि फ्रेमच्या डाव्या कोपऱ्यातून
काखेत छत्री, पिशवीत कागद,
एक म्हातारा सावकाश चालत आला.

वॉकीवर सगळे एकदम माझ्या नावाने. मी धावले.
आजोबा, बाजूला व्हा, शूटिंग चाललंय.
हयातीचा दाखला द्यायचाय, ते म्हणाले. नोव्हेंबर हाय ना.
ऑफिस आज बंद आहे.
का?
आम्हीच बंद ठेवलंय.

जानू घाग. गोदीत हमाल, मग टिंडल, मग पेन्शन.
भोंगा अजून ओरडत होता, त्यांनी मानही वळवली नाही.
तीर्थ घ्यावं तसा तळवा पुढे केला,
पडू दिलं थोडं, बोटाने चोळून पाहिलं.
"थंड हाय," म्हणाले.

मग खांबाला टेकून, कुणालाच नाही असं:
चव्वेचाळीसला कापूस पडला. जळता.
गोदीतून गठडीच्या गठडी वर गेली नि मशीद बंदरभर उतरली.
आधी आवाज का आधी उजेड, ते आता सांगता नाय येत.
बा सकाळपाळीला गेलेला.
महिन्याभरात मला त्याच्या जागी घेतला. चौदाचा होतो,
साहेबाने अठरा लिवलं.
तवापासून कागदावर मी चार वर्सं थोरला.
रिटायर पण चार वर्सं आधी झालो, बोला.
तिकडं नव्वद भरली. इकडं अजून टाइम हाय.

वॉकीत बाई विचारत होत्या, रस्ता मोकळा?
एक मिनिट, मी म्हटलं.
फ्रेंचमध्येही मिनिटाला जवळपास मिनिटच म्हणतात,
दोन महिन्यांत तेवढं मला आलेलं.

त्यांना पाववाल्याच्या दुकानात बसवलं,
आतून ते झेरॉक्सच होतं,
मालक दिवसाचं भाडं खिशात घालून पेंगत होता.
आलोच हाय तर दोन कॉप्या मारतो,
घागांनी दाखल्याची घडी उलगडली.
बाहेर ॲक्शन. पुन्हा पळापळ, पुन्हा भुगा,
आत काचेखालून हिरवा उजेड सरकला,
यंत्र घरघरलं
आणि साउंडवाल्याने टेक तोडला:
हा कसला आवाज?

कागद बाहेर आला. घागांनी तो गालाला लावला,
मग माझ्या हातावर ठेवला.
खरंच, गरम होता.

सोमवारी दहाला उघडतं, मी सांगितलं.
त्यांनी बोटांवर मोजलं. आज धरायचा की नाही, तिथे जरा अडले.
"दोन दीस ना?
निघतील."